माघी वारीतल्या रात्री: पहिल्यांदा चालणाऱ्यांसाठी

आषाढीला भिजायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. लोक प्लॅस्टिकचं इरलं घेऊनच निघतात. माघी वारीला काय घ्यायचं, हे मात्र नव्या माणसाला कुणी नीट सांगत नाही. "एक स्वेटर टाका, एक रग टाका, बाकीचं पांडुरंग बघतो," एवढंच कानावर येतं. कोरेगावकडून निघणाऱ्या दिंडीबरोबर मी नऊ वेळा माघी चालले आहे. पहिल्या वर्षी पाचांतल्या तीन रात्री मी थंडीनं अक्षरशः बसून काढल्या. चौथ्या दिवशी अंगात ताप भरला आणि उरलेली वाट सामानाच्या ट्रकमधून गेले. पाय धड होते, चालायची ताकदही होती, फक्त झोप झाली नव्हती. ती राहिलेली वाट अजून मनाला लागून आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते.

आधी ही थंडी ओळखून घ्या

माघ शुद्ध एकादशी जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या चौथ्या आठवड्यापर्यंत कधीही येते. २०२५ मध्ये ती ८ फेब्रुवारीला होती, २०२६ मध्ये २९ जानेवारीला. म्हणून सामान बांधायच्या आधी कॅलेंडर बघा. वारी जानेवारीतली असेल तर एक पांघरूण जास्तीचं धरा.

आमची वाट कोरेगाव, वर्धनगडचा घाट, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले, म्हसवड, पिलीव अशी पंढरपूरला जाते. घाट ओलांडला की खटाव-माणचा मुलूख लागतो. पाऊस कमी, झाडी कमी, हवा कोरडी. दिवसभर तापलेली जमीन रात्री निरभ्र आभाळाखाली सगळी ऊब भराभर सोडून देते. दुपारी ३० अंशांच्या उन्हात घाम पुसत चाललेला माणूस त्याच रात्री १० अंशांत कुडकुडतो. एखाद्या वर्षी पारा त्याच्याही खाली जातो. आभाळात ढग असले तर रात्र बरी जाते. चांदण्या लख्ख दिसायला लागल्या की आम्ही न सांगता एक थर वाढवतो.

"१० अंशांत काय होतंय?" असं विचारणारे दरवर्षी भेटतात. घरात चार भिंती असतात, पलंग असतो, अंग कोरडं असतं. इथं वीस-बावीस किलोमीटर चालून दमलेलं, घामानं ओलं झालेलं शरीर उघड्यावर, गार फरशीवर आडवं होतं. त्या शरीराला १० अंश पुष्कळ झाले.

वरचं पांघरूण नंतर, खालचं अंथरूण आधी

या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. पहिल्या वर्षी माझ्याकडं दोन ब्लँकेटं आणि एक पातळ चादर होती. चादर खाली अंथरली, दोन्ही ब्लँकेटं वर घेतली. मुक्काम एका शाळेच्या व्हरांड्यात होता, खाली शहाबादी फरशी. दोनच्या सुमाराला कंबर आणि पाठ अशी गार पडली की कूस बदलली तरी पाच मिनिटांत नवी बाजू गार. वर आणखी काय घ्यावं म्हणून मी पिशवीतली साडी काढत होते, तेवढ्यात शेजारी झोपलेल्या आमच्या आत्या उठल्या. माझं वरचं एक ब्लँकेट ओढलं, चार पदरी केलं आणि माझ्या खाली सरकवलं. "वरनं किती बी घे पोरी, फरशी खालनं वढतीया," एवढं म्हणाल्या आणि झोपल्या. उरलेली रात्र बरी गेली.

त्यामागचं कारण साधं आहे. पांघरूण स्वतः गरम नसतं. त्याच्या धाग्यांत अडकलेली हवा आपल्या अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. तेच पांघरूण अंगाखाली घेतलं की वजनानं दबतं, हवा निघून जाते आणि उरतं नुसतं कापड. दगड, फरशी, सिमेंटचा कोबा अंगातली ऊब हवेपेक्षा कितीतरी वेगानं ओढून घेतात. म्हणून खाली अशी वस्तू हवी जी अंगाच्या वजनानं चपटी होत नाही.

आम्ही अंथरूण असं रचतो. अगदी खाली ताडपत्री, नाहीतर खताची मोकळी पोती धुऊन शिवलेलं तळवट, म्हणजे जमिनीची ओल वर येत नाही. त्यावर फोमची चटई. योगासाठी बाजारात मिळते ती चालते, पण पातळ घेऊ नका, निदान बोटभर जाडीची घ्या. चटई नसेल तर पुठ्ठा घ्या. किराणा दुकानात फ्रिज-टीव्हीचे नाही, पण बिस्किटांचे, साबणाचे खोके मिळतात. ते उलगडून दोन थर टाकले तर फरशी कळत नाही. पुठ्ठा मुक्कामाच्या गावात मागून मिळतो, ओझंही होत नाही, फक्त अंधार पडायच्या आत दुकानात जायला हवं. शेतात मुक्काम असेल तर मालकाला विचारून कडब्याच्या पेंढ्या किंवा उसाचं पाचट घ्या. चांगलं वीतभर पसरा, कारण झोपल्यावर ते निम्मं बसतं. पेंढी आधी जोरात झटका, विंचू-काट्याची खात्री करून घ्या. दम्याचा त्रास असलेल्यांनी कडब्याच्या वाटेला जाऊ नये, त्याच्या धुळीनं रात्रभर खोकला लागतो. त्यांना पुठ्ठाच बरा.

या सगळ्याच्या वर घोंगडी किंवा वाकळ (गोधडी), मग तुम्ही, आणि मग पांघरूण.

घोंगडीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण नवी मंडळी ती "टोचते" म्हणून घरी ठेवून येतात. माणदेशातल्या मेंढ्यांच्या लोकरीची हातमागावरची घोंगडी टोचते हे खरं. तिला चिंचोक्याची खळ दिलेली असते, त्यामुळं नवी असताना ती ताठही असते. पण ती वारा अडवते, दहिवर तिच्यावरून ओघळून जातं, आणि थोडी दमट झाली तरी ऊब देते. सुती चादर एकदा ओली झाली की अंगाला गार पट्टी बांधल्यासारखी होते. घोंगडीला आतून जुन्या सुती लुगड्याचं अस्तर लावा, टोचणं थांबतं. शेकोटीची ठिणगी पडली तर लोकर करपते, पॉलिस्टरचं ब्लँकेट भसकन पेटतं किंवा वितळून अंगाला चिकटतं. सगळं सामान नवं घ्यायची गरज नाही. पण एखादीच वस्तू घ्यायची ऐपत असेल तर मी घोंगडीच घ्या म्हणेन.

निघण्याआधी घरी करायचं काम

वळकटी बांधून झाली की एक रात्र तिच्यात झोपून बघा, गच्चीवर किंवा अंगणात. गादी नाही, उशी नाही, जे नेणार तेवढंच. घरी रात्री दोनला थंडी वाजली तर उठून आत जाता येतं आणि दुसऱ्या दिवशी वळकटीत काय कमी आहे ते घालता येतं. हे करायचा कंटाळा करू नका.

कपड्यांचे दोन जोड पूर्ण वेगळे ठेवा: चालायचे आणि झोपायचे. झोपायच्या जोडात लांब बाह्यांचा बनियन किंवा थर्मल, त्यावर स्वेटर, पायजमा, जाड मोजे, कानटोपी. हे कपडे घालून एक पाऊलही वाटेवर चालायचं नाही. बायकांनी साडीच्या आत लेगिंग्ज किंवा सलवार घालावी. झोपताना साडी सोडून सलवार-कुर्ता घातला तर आणखी बरं. दिंडीत कुणी नावं ठेवत नाही, उलट दुसऱ्या वर्षी चार जणी तसंच करताना दिसतात.

दिंडीची भिशी, म्हणजे वर्गणी, भरताना दोन गोष्टी विचारून घ्या: रात्री छप्पर असतं की राहुटी, आणि वळकट्यांचा ट्रक मुक्कामाला कधी पोचतो. ट्रक येतो, पण शंभर वळकट्यांच्या ढिगातून आपली निघेपर्यंत कधीकधी कीर्तन संपतं. म्हणून झोपायचा बनियन, मोजे, कानटोपी आणि बॅटरी खांद्यावरच्या पिशवीत असू द्या. वळकटी आतून प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत घाला आणि बाहेर नाव, गाव, दिंडीचं नाव ठळक लिहा. सगळ्यांच्या वळकट्या सारख्याच दिसतात.

मुक्कामाला पोचल्यावरचा पहिला अर्धा तास

सगळ्यात जास्त चुका इथं होतात. माणूस पोचतो, टेकतो, चहा घेतो, पाय चेपत गप्पा मारतो. ऊन कलतं आणि अंगावरचा घामेजलेला सदरा गार व्हायला लागतो. तो वाळतो तुमच्याच अंगाची ऊब घेऊन. एकदा अंग असं गार पडलं की रात्री कितीही पांघरलं तरी ते गरम व्हायला दोन-तीन तास लागतात. म्हणून टेकायच्या आधी, उजेड असतानाच ओले कपडे काढा, अंग कोरड्या पंच्यानं खसखसून पुसा आणि झोपायचा बनियन चढवा. पाय धुऊन बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या करा, भेगांना कोकमतेल लावा, मग मोजे. पाय ओले ठेवून मोजे घातले तर रात्रभर पाय बर्फासारखे राहतात.

आता जागा बघा. नदी, ओढा, कॅनॉल, तळं यांच्या काठची सपाट जागा दिसायला चांगली असते, पण गार हवा जड असते, ती उतारानं वाहत जाऊन खोलगटात साठते. माणगंगेच्या काठापेक्षा पन्नास पावलं वरच्या बांधावर रात्र बरी जाते. देवळाचा सभामंडप मिळाला तर भिंतीकडेची जागा घ्या, दरवाज्यासमोरची नको. वारा कुठून येतो ते पताकेकडं बघून कळतं. त्या बाजूला पाय करा, डोकं नको. उघड्यावरच झोपायची वेळ आली तर झाडाखाली झोपा, निदान दहिवर थेट अंगावर पडत नाही. गोंदवल्याला श्री ब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराजांच्या समाधी मंदिरात भक्तांच्या राहण्याची आणि प्रसादाची सोय आहे. मुक्काम तिथं ठरत असेल तर वृद्धांना आणि आजाऱ्यांना ती रात्र छपराखाली जरूर मिळू द्या.

जेवण, पाणी आणि शेकोटी

पोटात जळण असलं तरच अंग तापतं. थकव्यानं भूक मरते आणि काही जण नुसत्या चहावर झोपतात. पहाटे तीनला हुडहुडी भरते ती त्यांनाच. बाजरीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, वर तेलाची धार, हे पोटभर खा. हुलग्याचं गरम माडगं मिळालं तर सोडू नका. संक्रांतीचे तिळाचे लाडू घरात उरलेले असतातच, ते बरोबर घ्या आणि दोन लाडू उशाशी ठेवा. रात्री जाग आली आणि थंडी वाजत असली तर एक खा, थोड्या वेळात फरक कळतो.

रात्री उठायला लागू नये म्हणून बायका संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत. असं करू नका. दिवसभर घाम गेलेला असतो, पाणी कमी पडलं की थंडीही जास्त वाजते आणि पायात गोळेही येतात. दुपारपासून पाणी प्या, झोपायच्या अर्धा तास आधी थांबा. रात्री लघवीला लागली तर दाबून पडून राहू नका, झोप येत नाही. उजेड असतानाच जागा बघून ठेवा, बॅटरी हाताशी ठेवा, शेजारणीला उठवा आणि दोघी जा. आमच्या दिंडीत जोड्या आधीच ठरलेल्या असतात.

झोपायच्या आधी स्वयंपाकवाल्यांकडून स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून घ्या. झाकण घट्ट आहे ना बघा, बाटलीवर मोजा चढवा आणि ती मांड्यांमध्ये किंवा पोटाशी धरा. साध्या पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत उकळतं पाणी घालू नका, ती मऊ पडून वाकते. मधुमेह असलेल्यांनी बाटली पायाशी ठेवू नये आणि शेकोटीला तळपायही शेकू नयेत. पायाची जाणीव कमी झालेली असते, चटका बसलेला कळतच नाही आणि सकाळी फोड दिसतो.

शेकोटी करायची तर मालकाला विचारून, कडब्याच्या गंजीपासून आणि राहुट्यांपासून लांब, आणि झोपायच्या आधी पाणी ओतून विझवायची. तिच्याजवळ झोपू नका. एक कुशी तापते, दुसरी गारठते, आणि झोपेत पांघरूण कधी निखाऱ्यावर जातं कळत नाही.

हे पुढचं वाक्य दोनदा वाचा. निखाऱ्यांची शेगडी किंवा घमेलं राहुटीत, बंद खोलीत, ट्रकच्या ताडपत्रीखाली कधीही नेऊ नका. धूर दिसत नसला तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपेत माणूस न उठताच जातो.

रात्री पांघरुणात

आडवं होण्याआधी पाच मिनिटं जागच्या जागी पाय आपटा, हात फिरवा. अंग घामेजू द्यायचं नाही, फक्त रक्त फिरलं पाहिजे. गरम होऊन पांघरुणात शिरलात तर पांघरूण ती ऊब धरून ठेवतं. गार शिरलात तर ते बराच वेळ गारच राहतं. कानटोपी घाला, मानेभोवती मफलर घ्या, पण तोंड आत घेऊन झोपू नका. श्वासाच्या वाफेनं पांघरूण आतून दमट होतं आणि पहाटेला तेच गार लागतं. वरून प्लॅस्टिक घेण्याचाही तोच तोटा, सकाळी आतून पाणी गळतं.

दोघींनी मिळून झोपा. वर दोन वाकळी एकावर एक, दोन घोंगड्या खाली, मध्ये दोघी पाठीला पाठ लावून. वयस्कर माणसाला कडेला झोपू देऊ नका, मध्ये घ्या. राहुटीत कोण कुठं झोपणार हे विणेकऱ्यांनी किंवा दिंडी चालवणाऱ्यांनी ठरवून दिलं तर नव्या माणसाला मागायला संकोच वाटत नाही. दिंडीवाल्यांना माझी ही कळकळीची विनंती आहे.

कुणाची तब्येत बिघडते आहे हे कसं ओळखायचं? नुसती थरथर असेल तर घाबरायचं कारण नाही, शरीर ऊब तयार करतं आहे. पण थरथर थांबत नाही, बोलणं जड येतं, बोटांना बटण लागत नाही, चालताना झोक जातो, माणूस भलतंच बोलतो, अशी लक्षणं दिसली तर "झोपू दे, दमलाय" म्हणू नका. थरथर आपोआप थांबली आणि माणूस सुस्तावला तर धोका आणखी मोठा. त्याला आडोशाला आणा, ओले कपडे काढा, खाली जाड अंथरून सगळ्या बाजूंनी गुंडाळा, डोकं झाका आणि एकानं त्याला चिकटून झोपा. शुद्धीवर असेल, नीट गिळता येत असेल, तरच गरम गोड चहा घोट घोट द्या. हातपाय जोरात चोळू नका, शेकोटीसमोर धरू नका. दारूनं ऊब येते हा समज चुकीचा आहे. कातडी तेवढी तापल्यासारखी वाटते आणि आतली ऊब बाहेर जाते. आणि लगेच १०८ ला फोन लावा.

पहाट

सगळ्यात गार वेळ सूर्य उगवायच्या तोंडाशी असते, आणि दिंडी उठते ती त्याआधीच, काकड्याला. आंघोळ टाकीतल्या पाण्यानं करू नका, ते रात्रभर उघड्या हवेत गारठलेलं असतं. बोरचं पाणी जमिनीखालून येतं, पहाटे ते कोमट लागतं. मोटर चालू असताना सरळ धारेखाली उभं राहा, पटकन उरका, लगेच अंग पुसा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी पहाटेची गार आंघोळ टाळावी; ऊन आल्यावर विसाव्याच्या ठिकाणी करता येते.

निघताना एक थर काढून पिशवीत टाका. सुरुवातीला थोडी थंडी वाजली पाहिजे. दहा मिनिटं चाललं की अंग तापतं. सगळं अंगावर चढवून निघालात तर घाटात स्वेटर घामानं भिजणार आणि रात्री तोच घालायची वेळ येणार. अंधारात चालताना कानटोपीनं कान पूर्ण झाकू नका, मागच्या गाडीचा आवाज ऐकू यायला हवा. घोंगडी काळी, रस्ता काळा, तेव्हा पाठीवर चमकणारी पट्टी शिवून घ्या. ३१ ऑक्टोबर २०२२ ला सांगोल्याजवळ जुनोनी इथं कार्तिकीला निघालेल्या पायी दिंडीत गाडी घुसून सात वारकरी गेले. त्यानंतर आमच्या दिंडीत सर्वांत मागचा माणूस लाल दिव्याची बॅटरी घेऊन चालतो.

दुपारच्या विसाव्याला जेवढं अंथरूण हाताशी असेल तेवढं अर्धा तास उन्हात पसरा. रात्रीची ओल तशीच गुंडाळून ठेवली तर प्रत्येक रात्री वाकळ थोडी जास्त दमट होत जाते आणि चौथ्या रात्री ती असून नसल्यासारखी होते.

एकादशीची रात्र

पंढरपुरात पोचलं की माणूस बेसावध होतो. एकादशीला उपास असतो, रात्री जागर असतो, आणि चंद्रभागेच्या वाळवंटात किंवा काठच्या ६५ एकर नावाच्या वारकरी तळावर वारा मोकळा असतो. म्हणजे पोट रिकामं, झोप नाही, जागा गार. दशमीच्या रात्री व्यवस्थित जेवा. उपासाला नुसत्या चहावर राहू नका. रताळं, शेंगदाणे, खजूर, राजगिऱ्याचे लाडू खा. स्नानाला सकाळी नऊनंतर जा. पाण्यात उतरण्याआधी कोरडे कपडे काठावर कुणाच्या तरी हातात द्या, म्हणजे बाहेर आल्यावर वाट बघत ओलेत्यानं उभं राहावं लागत नाही. जागराला बसताना खाली पुठ्ठा घ्या. बसलेल्या माणसालाही जमीन तेवढीच गार लागते.

घरी आल्यावर घोंगडी लगेच धुवायला काढू नका. काठीनं झोडपून झटका, दोन दिवस कडक उन्हात दोन्ही बाजूंनी टाका, मग कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून घडी करा आणि सुती कापडात बांधून ठेवा. लोकरीला कसर पावसाळ्यात लागते, तेव्हा आषाढीहून आल्यावर एकदा घडी उघडून बघा.